काई धरली म्हणून टाकी धुऊ नका

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला, तर खिडकीतली माशांची टाकी हिरवीगार! मुलं हिरमुसली. मी सगळं पाणी ओतलं, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. आठवड्यात चार गप्पी मेले, पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा हजर. चूक माझीच होती.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजात, वाळूत राहतात. नळाच्या क्लोरीनने मी तेच मारले. नायट्रेट वनस्पती शोषतात. वनस्पती विरळ आणि ऊन भरपूर असलं की त्यावर शेवाळ पोसतं.

शेवाळाला उर्दूत काई म्हणतात. मशिदीच्या हौदात काई दिसली की ब्लीचिंग पावडरचा डबा शोधणारे मी पाहिलेत. हौदात मासे असतात, हे कुणाच्या ध्यानात नसतं. बाजारातल्या शेवाळनाशक औषधांनाही माझा विरोधच आहे. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं.

आता टाकी उन्हातून हलवलीय. दिवा रोज सातच तास. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. लाडाने चिमूटभर जास्त टाकणारे हात आवरणं हे खरं अवघड काम. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळतो. हायड्रिला दाट लावलाय, प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातला तोच. मागच्या काचेवरचं शेवाळ मात्र मुद्दाम ठेवलंय, गोगलगाईंसाठी.