अंगठा, बटण आणि आजीचा सातबारा

"अगं पोरी, आन् ह्या बटनाला बोट लागून जमीनच गेली तर?"

आजीच्या या प्रश्नावर मी आधी हसले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गिळलं. बाई एकदम सीरियस होत्या!

तर झालं असं. माझं आजोळ शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. आजोबा जाऊन वर्ष होऊन गेलं. वारस नोंद झाल्याचं मामानं फोनवर सांगितलं होतं. पण मामा दौंडला रेल्वेत. ड्युटी सोडून त्याला येता येईना आणि इकडे आजीला चैन पडेना. "माझं नाव लागलंय का, तुझ्या आईचं, मावशीचं लागलंय का, मला डोळ्यानं बघायचंय." घरात 'कॉम्प्युटरवालं' कोण? तर मी. फ्रीलान्स जर्नलिस्ट म्हणजे नेमकं काय करते हे आजीला अजून कळलेलं नाही, पण माझ्याकडे लॅपटॉप आहे एवढं क्वालिफिकेशन पुरेसं होतं. मग काय, वाघोलीचं ट्रॅफिक, शिक्रापूरचा चौक, रांजणगावच्या गणपतीला एसटीतूनच नमस्कार, असं करत करत शनिवारी दुपारी मी पोचले.

म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. महाभूलेखची साइट उघडायची, गट नंबर टाकायचा, सातबारा दाखवायचा आणि गरमागरम शेंगोळ्यांवर ताव मारायचा. ते दोन मिनिटांचं काम दिवेलागणीपर्यंत चाललं.

पहिल्यांदा मी आपली हुशारी दाखवली. "आजी, हे वेब ॲप्लिकेशन आहे. म्हणजे ब्राउजरमध्येच चालणारं इंटरॲक्टिव्ह सॉफ्टवेअर. डाउनलोड-बिनलोड काही करायचं नाही." मीटिंगमध्ये 'सिनर्जी, सिनर्जी' करणाऱ्या बॉसकडे आपण जसं बघतो ना, अगदी तसंच आजी माझ्याकडे बघत होती. मग मी प्लॅन बीवर आले. आईबाबांना काही शिकवताना आपण सगळे जो वापरतो तोच. "ते जाऊ दे. इथे क्लिक कर, मग इथे, मग ओके दाब. बास!"

तिनं हात पदराखाली घेतला आणि तो प्रश्न विचारला. वर म्हणाली, "तुझ्या आजोबांनी लगीन झाल्यापास्नं एकच सांगितलं. वाचल्याबिगर कुठं अंगठा उठवायचा नाय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी 'क्लिक' म्हणत होते आणि तिला 'अंगठा' ऐकू येत होता. बोट टेकवायचं, तेही जमिनीच्या कागदावर, आणि का टेकवायचं ते नातीला धड सांगता येत नाहीये. मग ती घाबरणार नाही तर काय?

आणि ही भीती काही आजीच्या एकटीच्या डोक्यातून आलेली नाही. ती या मातीतली आहे. डिसेंबर १८७४ मध्ये याच शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारानं तिथल्या देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा आणला आणि अख्ख्या गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ ला सुपे गावाच्या बाजारात दंगा पेटला. हे सुपे म्हणजे आज बारामती तालुक्यात आहे ते. लोकांचा राग कशावर होता? कर्जरोख्यांवर, म्हणजे कागदांवर! कागद इंग्रजांच्या कोर्टात चालणारे, लिहिणारा सावकाराचा माणूस आणि खाली निशाणी उठवणारा शेतकरी. वर काय लिहिलंय हे त्याला कुणी धड वाचून दाखवलेलं नसायचं. लोकांनी ते रोखे हिसकावले आणि जाळले. पुढे सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. कागदावरची निशाणी बघून गप्प न बसता कर्जाचा मागचा सगळा हिशेब तपासायची मोकळीक त्यात कोर्टांना मिळाली.

आता सांगा, ज्या तालुक्याचा इतिहास असा, तिथल्या बाईला मी म्हणत होते, 'तू फक्त ओके दाब!'

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. चहा झाला. मग विचारलं, "आजी, पूर्वी उतारा कसा आणायचे गं आजोबा?"

आजी सुरू झाली. भाऊसाहेबांच्या कचेरीत जायचं. (तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात.) खिडकीपाशी उभं राहायचं, गाव आणि गट नंबर सांगायचा. भाऊसाहेब आतल्या दप्तरातून वही काढणार, त्यावरून उतारा लिहिणार, खाली सही-शिक्का मारणार आणि खिडकीतून बाहेर देणार.

"आजोबा स्वतः वहीत हात घालायचे का?"

"छ्या! वहीला हात कोण लावू देतंय?"

म्हटलं, झालं तर मग! हा लॅपटॉप म्हणजे फक्त खिडकी. ब्राउजर, ब्राउजर म्हणतात ते हेच. वही इथे नाहीच. वही सरकारच्या कॉम्प्युटरवर, त्याला सर्व्हर म्हणतात. आपण खिडकीतून चिठ्ठी आत सरकवतो, तिकडचा कारकून वही बघतो आणि उताऱ्याची नक्कल काढून खिडकीतून दाखवतो. खिडकी फुटली, म्हणजे लॅपटॉप बंद पडला, तरी वहीला धक्का लागत नाही.

"मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावत्यात, तसंच की हे!"

बघा, प्रश्न किती नेमका! नाही, तसं नाही. फळ्यावरचा कागद सगळ्यांना सारखाच दिसतो आणि त्याला काही विचारता येत नाही. सुरुवातीच्या वेबसाइट अशाच फळ्यासारख्या होत्या. वेब ॲप्लिकेशन म्हणजे खिडकीपलीकडे बसलेला कारकून. तुम्ही विचाराल त्याचं, तुमच्यापुरतं उत्तर देणारा.

आता प्रात्यक्षिक. साइट उघडली. 'जिल्हा' या चौकटीत पुणे निवडलं, तेव्हा शेजारच्या चौकटीत पुणे जिल्ह्याचेच तालुके आले. शिरूर निवडलं, तर शिरूरचीच गावं. "बघ आजी, दौंडची गावं आली का? नाही. कारण तू शिरूर म्हणालीस. तुझं एक उत्तर ऐकून त्यानं पुढची यादी आणली." आजी पहिल्यांदाच स्क्रीनकडे वाकली आणि यादीतून आपलं गाव तिनंच शोधून काढलं.

जाता जाता तुमच्यासाठी थोडं फंडू ज्ञान. एकेकाळी वेबवर एवढ्याशा कामालाही अख्खं पान नव्यानं लोड व्हायचं. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला कारकून म्हणणार, "रांगेच्या शेवटी जा आणि परत ये." १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली आणि खिडकीच्या या बाजूलाही थोडी अक्कल आली. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स. नकाशा बोटानं सरकवायचा आणि पान तिथल्या तिथे! हवा तेवढाच तुकडा गुपचूप मागवायच्या या पद्धतीला जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्येच 'एजॅक्स' हे नाव दिलं. आज आपण बसल्या जागी बँक, बस, सिनेमा सगळं करतो, त्यामागे हीच युक्ती आहे.

हे मी आजीला सांगितलं नाही. तिला त्याची गरजही नव्हती. बटण कसं दाबायचं हे तर शेजारचं शेंबडं पोरगंही तिला शिकवेल. तिचा प्रश्न होता, दाबल्यावर माझ्या वस्तूचं काय होणार? आणि आपण सगळे नेमकं तेच सांगायचं विसरतो.

मग आम्ही दोघींनी मिळून बटणांच्या तीन जाती केल्या. तुमच्या घरीही चालतील.

पहिलं, बघायचं बटण. 'शोधा', 'पहा' वगैरे. शंभरदा दाबा, वहीतला काना-मात्रा हलत नाही. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा या जातीतला, फक्त माहितीसाठी. सरकारी कामाला हवा तो डिजिटल सहीचा. तो १ मे २०१८ पासून मिळायला लागला आणि त्याला १५ रुपये पडतात.

दुसरं, अर्जाचं बटण. उदाहरणार्थ, वारस नोंदीसाठी ई-हक्कवर अर्ज करता येतो. पण हे बटण दाबलं म्हणजे फक्त अर्ज खिडकीतून आत गेला. मग फेरफाराची नोंद धरणार, संबंधितांना नोटीस जाणार, हरकतीसाठी १५ दिवस मिळणार, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार आणि मग कुठे सातबारा बदलणार. मध्ये माणसं आहेत, मुदत आहे.

तिसरं, सहीचं बटण. ओटीपी, यूपीआयचा पिन. हा मात्र अस्सल अंगठा! तो उठला की काम झालं, खिडकीतून परत बोलावता येत नाही. आणि पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिन लागतच नाही. कुणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणालं की समजायचं, अंगठा मागतोय.

"म्हंजी सगळीच बटनं अंगठा नाय," आजी म्हणाली.

"नाही. पण कुठलं कुठल्या जातीचं, हे आधी विचारायचं."

मग गट नंबर टाकला. ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची होती, ती आजीनं चष्मा पुसून माझ्याआधी वाचली. "हे कशाला?" म्हटलं, खिडकीवर माणूसच आहे, मशीन नाही, एवढी खात्री करून घेतो तो. चाक गरगरायला लागलं तसा माझा हात सवयीनं परत बटणाकडे गेला. आजीनं मनगट धरलं. "कारकून वही काढायला गेलाय ना? मग थांब की. दोनदा हाका कशापायी मारायच्या?" बोला आता!

सातबारा उघडला. आजीनं स्क्रीनपासून वीतभर लांब बोट धरून एकेक नाव वाचलं. तिचं सावकाश, अक्षर लावत. मग मामाचं. मग माझ्या आईचं. मग मावशीचं. शेवटच्या नावाशी ती जरा थांबली, परत वर गेली आणि चारही नावं पुन्हा मोजली. आई आणि मावशीची नावं लागावीत हा तिचा हट्ट होता, हे मला आईनं नंतर सांगितलं. गावात काही जणांनी 'पोरींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन टाका' असा सल्ला दिला होता म्हणे. आजीनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला होता.

"दुसऱ्यांदा दाबलं तर परत दिसंल?"

"कितीदाही."

"मग आता मी दाबती." आणि तिनं दाबलं. पुन्हा जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. 'दौंड' चुकून निवडलं गेलं तर स्वतःच हसली आणि बदललं.

रात्री शेंगोळे झाले. मी फोन काढला आणि आजीचा फोटो जरा झकास करायला एक नवं ॲप घेतलं. भलामोठा मजकूर आला, खाली 'आय ॲग्री'. मी नेहमीप्रमाणे अंगठा ठेवला. हो, अंगठाच! आपण फोन अंगठ्यानंच वापरतो, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

शेजारी बसलेल्या आजीनं विचारलं, "ह्ये कुठलं बटन? बघायचं, अर्जाचं, का सहीचं?"

मी म्हटलं, "सहीचं... बहुतेक."

"आन् वर काय लिवलंय?"

मी फोन उलटा ठेवला आणि अजून एक शेंगोळं वाढून घेतलं. आजीनं मात्र विषय सोडला नाही. चष्मा लावून तिनं हात पुढे केला. "आण इकडं. मी वाचती."