दाढ वाचवणे हाही आमचा हक्क आहे



गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारात रविवारचा मुलांचा धम्मवर्ग सुटला, तेव्हा तेरा वर्षांची एक मुलगी गालावर हात धरून कोपऱ्यात बसली होती. आम्ही तिला उजेडात आणून तोंड उघडायला सांगितले. खालची मोठी दाढ निम्मी खचलेली, एका बाजूची भिंत पडलेली, खड्ड्यात भाकरीचा तुकडा अडकलेला. आई म्हणाली, "ताई, दुधाचीच दाढ आहे ती. जयंतीच्या शिबिरात दाखवली होती, काढून टाका म्हणाले. कामावरून सुट्टी मिळाली की नेते."

ती दुधाची दाढ नव्हती. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या आधी त्या जागेवरचा कोणताही दात पडत नाही, म्हणून ती कायमची आहे हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. सगळ्यात लवकर किडते तीही हीच, आणि चावण्याचा मोठा भार आयुष्यभर सोसायचा असतो तोही हिलाच. ती उपटली तर मागची दाढ मोकळ्या जागेत कलते, समोरची वरची दाढ खाली उतरू लागते आणि मूल एकाच बाजूने चावायला लागते. तेराव्या वर्षी झालेले हे नुकसान साठ वर्षे पुरते.

आमचे म्हणणे साधे आहे. पैसेवाल्याची दाढ वाचवायची आणि वस्तीतल्या माणसाची उपटायची, ही रीत आम्हाला मान्य नाही. यात एकट्या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. परिचारिका म्हणून आम्ही सरकारी दवाखान्यांत वर्षे काढली आहेत. बाहेर रांग, आत एकच खुर्ची. दाढ काढायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, नीट भरायला पाऊण-एक तास. त्यात भरायचे साहित्य संपलेले असते, नाहीतर ते घट्ट करणारा दिवा बंद पडलेला असतो. मग डॉक्टरांच्या हाती उरते ती पक्कड. आणि पेशंटही म्हणतो, "एकदाची काढा, ठणका तरी थांबेल."

त्या मुलीला आम्ही सरकारी दंत महाविद्यालयात नेले. एक्स-रे काढला. कीड नसेच्या जवळ गेली होती, पण नसेपर्यंत पोहोचली नव्हती. गार पाणी लागले की कळ यायची आणि लगेच थांबायची. ही खूण लक्षात ठेवा. कळ लगेच थांबत असेल तर नस बहुधा वाचवता येते. पण रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल, गरम चहा लागल्यावर बराच वेळ दुखत राहत असेल, तर नस सुजलेली असते आणि रूट कॅनालपर्यंत जावे लागते. म्हणून पहिल्या कळेलाच दवाखाना गाठावा.

तिच्या दाढेत भरले ते कॉम्पोझिट. आपल्याकडे त्याला दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणतात, पण ते सिमेंट नव्हे. रेझिन आणि काचेसारखी अगदी बारीक पूड यांचे ते मिश्रण असते आणि निळ्या उजेडाखाली घट्ट होते. जुन्या पद्धतीने चांदी भरताना ती अडकून राहावी म्हणून दाताचा चांगला भागही कोरावा लागे. कॉम्पोझिट दाताला चिकटते, त्यामुळे किडलेलेच तेवढे काढून चांगले ठेवता येते. खोल खड्ड्यात तर नसेवरचा शेवटचा थोडा मऊ थर मुद्दाम राहू देतात आणि वरून घट्ट बंद करतात. तो खरवडला तर नस उघडी पडते. "डॉक्टरांनी कीड अर्धवट ठेवली" अशी शंका कोणी घेतली तर त्याला हे समजावून सांगावे.

पण हे काम घाईचे नाही. दाताला आधी सौम्य आम्ल लावून धुतात, वाळवतात, मग चिकटवणारे द्रव्य लावतात. या वेळी लाळेचा थेंब जरी लागला तरी भरलेले नीट धरत नाही. म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, निदान कापसाच्या वळ्या आणि लाळ ओढणारी नळी तरी हवीच. पडलेल्या भिंतीच्या जागी धातूची पातळ पट्टी बसवून शेजारच्या दाताला लागेल अशी नवी भिंत उभारतात. तिथे फट राहिली तर रोज अन्न अडकते आणि हिरडी सुजते. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, म्हणून साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर भरून प्रत्येक थरावर उजेड देतात. एवढा मोठा खड्डा पाच मिनिटांत भरून कोणी मोकळे केले, तर ते काम संशयास्पद समजावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आरोग्याच्या पानावर अर्धे सत्य छापणे बरे नव्हे. कॉम्पोझिट म्हणजे जादू नाही. मागच्या दाढांमध्ये चांदी अधिक वर्षे टिकते आणि कॉम्पोझिटच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण जास्त असते, असे दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे. दाढेच्या भिंती पातळ उरल्या असतील तर त्या थोड्या उतरवून वरून कॉम्पोझिटनेच झाकाव्या लागतात, किंवा कॅप बसवावी लागते. रूट कॅनाल केलेल्या दाढेला तर बहुतेक वेळा कॅप हवीच, नाहीतर ती सुपारी फोडताना उभी चिरते. आमच्या मुलीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "ही भरलेली दाढ तुला काही वर्षे साथ देईल. मोठी झालीस की कॅपचा विचार करू. दर सहा महिन्यांनी दाखवून जा." वाढत्या वयात दाढेतली नस मोठी असते, कॅपसाठी दाढ तासणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून ही मधली वर्षे मिळवणेच मोलाचे असते. आणि मुळाशी हाड उरलेले नाही, दाढ हलते आहे, हिरडीखाली खोलवर चिरली आहे, अशा वेळी ती काढणेच योग्य. काढायला आमचा विरोध नाही. न तपासता, न विचारता काढायला आहे.

चांदीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. दातात भरायच्या चांदीत जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याचे प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या दातांत चांदी भरणे टाळावे, असे या कराराच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवले. पुढे २०३४ पर्यंत ती वापरातून काढायचेही ठरले आहे. कोणाच्या तोंडात जुनी चांदी शाबूत असेल तर घाबरून काढून घेऊ नये, काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. पण धोरण म्हणून याचा अर्थ काय होतो, ते समजून घ्या. स्वस्त आणि टिकाऊ चांदी जाणार. तिच्या जागी रेझिन, दिवा आणि तेवढा वेळ देणारा माणूस ग्रामीण रुग्णालयात आला नाही, तर गरिबाच्या दाढेला उपटण्याशिवाय उपाय उरणार नाही. पारा जावा, याला आमचा पाठिंबाच आहे. पण त्याची किंमत आमच्या दाढांनी का मोजावी?

खासगी दवाखान्याचा रस्ता सगळ्यांना परवडत नाही. तिथे उलटे संकटही असते. साध्या भरण्याने भागेल तिथे थेट रूट कॅनाल आणि कॅपचा आकडा सांगितला जातो, बाई घाबरून घरी येते आणि वर्षभराने दाढ काढायला जाते. म्हणून खुर्चीत बसण्याआधी चार प्रश्न विचारायला शिका. एक्स-रेत कीड नसेपर्यंत गेली आहे का? ही दाढ भरून वाचेल का? वाचणार नसेल तर कारण काय? इथे सोय नसेल तर चिठ्ठी देऊन कुठे पाठवाल? हे विचारणे उद्धटपणा नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, तिथे हे काम खासगीपेक्षा फार कमी खर्चात होते.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू. दाढ दुखली की तंबाखूची चिमूट दाबणे, सकाळी मिश्री लावून बसणे, लेकराला शांत करायला बिस्किटाचा पुडा देणे, हे आपल्याच हातून होते. मिश्रीने कीड मरत नाही, तोंडाच्या कर्करोगाला मात्र वाट मिळते. भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली आणि ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले, असे विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची गोडी लागत नाही, हे त्यांतलेच दोन. अडीच हजार वर्षांपूर्वी जे भिक्खूसंघाला सांगितले, ते आपण रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे पाळायला काय हरकत आहे? सहा-सात वर्षांचे मूल घरात असेल तर आजच त्याचे तोंड उघडून अगदी मागची दाढ पाहा. तिच्यावर काळी रेघ दिसली तर थांबू नका. लहान खड्डा भरणे सोपे, स्वस्त आणि टिकाऊ असते.

शेवटी मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. जयंतीला आपण दंत शिबिर घेतो आणि किती दाढा मोफत काढल्या याचा आकडा फलकावर लिहितो. येत्या १४ एप्रिलला त्या शेजारी दुसरा रकाना आखा: किती दाढा वाचवल्या. त्यासाठी शिबिरात एक्स-रेची चिठ्ठी द्या, पुढच्या रविवारी पेशंटला सोबत घेऊन जाणारा एक कार्यकर्ता नेमा. तालुक्याच्या रुग्णालयात दाढ भरायचे साहित्य आणि चालू दिवा आहे का, हे लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. पहिल्या वर्षी त्या रकान्यात पाचच आकडा आला तरी चालेल. आमच्या त्या मुलीने परवा विहारात त्याच बाजूने भाजलेले कणीस खाल्ले. आई बघत होती.

जय भीम, नमो बुद्धाय!