पत्र म्हणजे पावती नव्हे

परवा इथे न्यू जर्सीत आमच्या नेहमीच्या मंडळींचं गटग झालं. पावभाजी हादडून झाली, पोरं तळघरात पळाली आणि मोठ्यांच्या गप्पा घरांच्या किमतींवरून फिरत फिरत दानधर्मावर आल्या. तेवढ्यात एक मैत्रीण म्हणाली, "मी ते मूल बंद केलं."

केबल बंद केल्यासारखं!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशातल्या एखाद्या गरीब वस्तीतल्या मुलाचा फोटो संस्था तुम्हाला देते, तुम्ही दरमहा चाळीसेक डॉलर देता, आणि त्या मुलाशी वर्षातून दोन-तीनदा पत्रव्यवहार चालतो. मैत्रिणीचा मुलगा ग्वाटेमालातला. तिची तक्रार अशी की चार वर्षं एकच पत्र येतंय. हवा छान आहे, शाळा छान आहे, देव तुमचं भलं करो. "वाढदिवसाला वेगळे पैसे पाठवले, तर त्याचं धड मनापासून थँक यू सुद्धा नाही गं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण ती पत्रं तशी का असतात हे मला चांगलंच माहीत आहे. एके काळी मीच ती तशी करत होते.

१९९६ साली इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका संस्थेच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून लागले. (नाव सांगणार नाही, विचारू नका.) मुलांची मराठी पत्रं इंग्रजीत करायची आणि परदेशातून आलेली इंग्रजी पत्रं मराठीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पन्नास-साठ पोरं जमायची. बाई फळ्यावर नमुना लिहायच्या: 'मी मजेत आहे. आपणही मजेत असाल. आपण पाठवलेल्या भेटीबद्दल मी आपला आभारी आहे.' पोरं उतरवून काढायची. उपाशी पोटी, बाहेर खेळ चालू असताना, कधीही न पाहिलेल्या माणसाला नऊ वर्षांच्या मुलाने दुसरं काय लिहावं? तुम्ही-आम्ही त्या वयात मामाला पाठवलेली पत्रं आठवा. 'पत्र लिहिण्यास कारण की' याच्या पुढे आपली गाडी जात होती का?

त्यातला एक मुलगा फळा न बघता लिहायचा. तिसरीत होता. एकदा त्याने लिहिलं की तुमच्या पैशातून मला चपला घेतल्या, पण त्या मला लहान होतात, म्हणून बहिणीला दिल्या. मी तसंच भाषांतर केलं. साहेबांनी कागद परत पाठवला. देणगीदाराला वाईट वाटेल, तक्रारीचा सूर नको. मग मी लिहिलं, 'मला नवीन चपला खूप आवडल्या. मी आपला आभारी आहे.'

पुढच्या वर्षी त्या भल्या माणसाने पुन्हा चपलांसाठी पैसे पाठवले. आवडल्या होत्या ना! कचेरीतल्या फायलीत पायाचं माप जुनंच होतं, कारण चपला लहान झाल्याचं कुठे नोंदवलंच नव्हतं. पुन्हा त्याच मापाच्या आल्या. पोरगं शनिवारी अनवाणीच आलं. या वेळी त्याने फळ्यावरचा नमुना शब्दन्‌शब्द उतरवून दिला.

ते वाक्य माझ्या हातचं आहे. आज पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला, पण कुणी 'थँक यू नाही आलं' म्हणालं की मला ते अनवाणी पाय दिसतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी जरा जोरातच मांडणार आहे: मुलाकडून आभाराची अपेक्षा करणं हाच या सगळ्या योजनेतला मोठा रोग आहे. पैसे हा रोग नाही आणि पत्रंही नाहीत. आपल्याला पत्राच्या नावाखाली पावती हवी असते. संस्थांना ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या पावत्या छापतात. मग आपणच म्हणतो, सगळी पत्रं सारखी कशी!

या योजनांवर टीका काही कमी झालेली नाही. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने एक लेखमाला छापली होती. त्यांच्या बातमीदारांनी स्वतः बारा मुलं दत्तक-योजनेत घेतली आणि नंतर त्यांचा माग काढला. मालीतली एक मुलगी वारली होती, तरी तिच्या नावाने देणगी घेणं सुरूच होतं. हे भयंकर आहे आणि यावर सफाई देणं शक्य नाही. पण असं घडू शकलं ते कशामुळे? पत्रातून काही कळावं अशी अपेक्षाच कुणाची उरली नव्हती म्हणून!

"पैसे त्या मुलाला मिळतच नाहीत" हा दुसरा आक्षेप. बऱ्याच मोठ्या संस्थांत ते थेट मुलाच्या हातात जात नाहीत, खरंच आहे. शाळा, नळ, दवाखाना असे वस्तीवर खर्च होतात. मला विचाराल तर तसेच जावेत. एका घरी नवं दप्तर आणि शेजारच्या घरी काहीच नाही, हे बरं दिसतं का? संस्थेने जाहिरातीत हे सरळ सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि उपयोग होतो का? एका संस्थेच्या योजनेपुरतं तरी उत्तर आहे. वायडिक, ग्लीव्ह आणि रटलेज या अर्थतज्ज्ञांनी भारत आणि युगांडासह सहा देशांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती गोळा केली. लहानपणी 'कम्पॅशन' या संस्थेच्या योजनेत असलेले आणि नसलेले, दोन्ही त्यात होते. २०१३ मध्ये ते छापून आलं. योजनेतली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती आणि मोठेपणी त्यांना नोकऱ्याही बऱ्या मिळाल्या होत्या. मुलांच्या मनातल्या आकांक्षा वाढणं हे त्याचं एक कारण असावं, असंही त्यांना दिसलं. आता सांगा, 'मी आपला आभारी आहे' पन्नास वेळा लिहून कुणाची आकांक्षा वाढते?

आता आमचे काका. (काका, तुम्ही हे वाचणारच आहात, तेव्हा नमस्कार.) मी आठ वर्षांपासून युगांडातल्या एका मुलीसाठी पैसे पाठवते हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न असतो: "आपल्याकडे काय कमी गरीब आहेत?" काका, १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या ८८ जणांनी भारतातल्या आणि केनियातल्या ८८ मुलांची जबाबदारी घेतली आणि त्यातून 'अ‍ॅक्शनएड' उभी राहिली. तिथल्या काकांनीही त्यांना हेच विचारलं असणार. त्यांनी ऐकलं असतं तर? इथलं द्यायचं त्यांनी इथलं द्यावं, मी दोन्हीकडे देते. फक्त हा प्रश्न विचारणारे बहुधा कुठेच देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. (काका अपवाद!)

या योजनांमधल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे आजची 'प्लॅन'. तिची जन्मकथा चिठ्ठीपासूनच सुरू होते. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात जॉन लँगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला एक लहान मुलगा भेटला. त्याच्याजवळ वडिलांची चिठ्ठी होती. शहर पडलं की मला गोळी घालतील, ज्याला माझा मुलगा भेटेल त्याने त्याला सांभाळावं, अशा अर्थाची. त्या बापाने गरज काय आहे ते सांगितलं, बस्स. पत्राचं काम तेच असतं. आपण मात्र ते उलटं करून टाकलं: देणाऱ्याला बरं वाटेल असं घेणाऱ्याने लिहायचं.

मग करायचं काय? पत्रं लिहायची! आमच्या कचेरीत पत्रवाटपाच्या दिवशी कितीतरी पोरांना काहीच यायचं नाही. पैसे दरमहा चोख, पण चार ओळी लिहायला सवड नाही. ती पोरं शेजारच्याच्या पत्रावरचं तिकीट बघत बसायची. तेव्हा लिहा. पण घराचे, गाडीचे, डिस्नेलँडचे फोटो नकोत. तुमच्या इथे बर्फ पडला आणि तुम्ही घसरून आपटलात, ते लिहा. गणितात नापास झाला होतात, ते लिहा. प्रश्न विचारा, आणि पुढच्या पत्रात मागच्या उत्तराची आठवण ठेवा. आणि आभार मानायची गरज नाही, हे स्पष्ट लिहा.

माझी मुलगी फोर्ट पोर्टलजवळच्या चहामळ्यांच्या भागातली. नाव इथे देत नाही, तिला कुणी विचारलेलं नाही. युगांडात १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत आहे म्हणतात, पण गणवेश, वह्या, दुपारचं जेवण यांचे पैसे घरच्यांनाच बघावे लागतात. यंदा ती सातवीला आहे. तिथे प्राथमिकच्या शेवटी सातवीची मोठी परीक्षा असते, त्याचं तिला टेन्शन. पहिली पाच वर्षं तिचीही पत्रं हवा छान, शाळा छान अशीच होती. मला फळा दिसायचा. मी दर पत्रात लिहीत राहिले की पाठवलेलं काही उपयोगाचं नसेल तर तेही लिही, मला राग येणार नाही. एकदा तर चपलांची सगळी गोष्ट लिहिली.

गेल्या वर्षी पत्र आलं. वर तिचं रुटोरो भाषेतलं अक्षर, खाली कचेरीतल्या कुणीतरी केलेलं इंग्रजी भाषांतर. तिसरी ओळ अशी: दप्तराची चेन पंधरा दिवसांत तुटली, आता मी सुतळीने बांधते, आणि त्या चपला लहान झालेल्या मुलाचं पुढे काय झालं?

मी ती ओळ चार वेळा वाचली. तिच्याइतकंच मला त्या अनोळखी भाषांतरकाराचंही कौतुक वाटलं. त्याने ती खोडली नाही. त्याच्या साहेबांनीही ती जाऊ दिली.

चेनचं मी संस्थेला कळवलं. मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, तसंच तिला लिहिलं.

असो, फार लांबलं. ग्वाटेमालावाल्या मैत्रिणीला या लेखाचा दुवा पाठवते आहे. चिडेल थोडी. पण बाई गं, ते मूल परत 'चालू' कर, आणि या वेळी त्याला विचार की मागचे पैसे नेमके कशाला वापरले आणि ती वस्तू त्याला आवडली का. नाही म्हणाला तर समज की तुला पहिलं खरं पत्र आलं.