बांगड्या नकोत, रिकामी घागर द्या!

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तालुक्याच्या कचेरीवर हंडा मोर्चा नेला. नदीतली वाळू रात्रंदिवस उपसली जात होती, काठच्या विहिरी आटल्या होत्या. ‘वाळूमाफिया मुर्दाबाद’ची घोषणा जोरात होती. तेवढ्यात आमच्यातलाच एक कार्यकर्ता ताटात हिरव्या बांगड्या घेऊन पुढे आला. पुढाऱ्याला भरायच्या म्हणे! शेजारच्या मावशींनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. हंडा घेऊन पहाटे घरातून निघालेले हात होते ते.

तेव्हापासून आपल्या शब्दांचा विचार पाठ सोडत नाही. माती-पाणी ओरबाडणाऱ्यांसाठी लोकांनी जोडशब्द घडवले: साखरसम्राट, टँकरसम्राट, भूमाफिया, वाळूमाफिया. सुरुवातीला त्यांत टोमणा होता. पण ‘सम्राट’ म्हणता म्हणता तो मान होतो. आणि ‘माफिया’ला चेहराच नसतो, जणू ही माणसं परमुलखातून आली! खरं तर लिलाव, परवाना, पकडलेला ट्रक सोडणं, प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी सही किंवा कुणाचा तरी फोन असतो.

वाळू पाणी धरून ठेवते. ते झिरपून विहिरीला मिळतं. वाळू गेली की पाणी जातं, आणि लांबून पाणी आणायला जाते ती बाईच. याविरुद्ध बोलण्याची किंमतही बाईने मोजली आहे. 2004 मध्ये अलिबागजवळ किहीमला वाळूउपसा रोखायला गेलेल्या सुमायरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. म्हणजे विचारायला कागद आहे.

मग पुढाऱ्याला नामर्द ठरवून काय साधतं? त्याचा गुन्हा बायकी असण्याचा नाही, नदी विकण्याचा आहे. बांगड्या दिल्या की गुन्हा बाजूला राहतो आणि कमीपणा आपल्या वाट्याला येतो.

काही जणी म्हणतील, एवढ्या लढाईत शब्दांचं काय घेऊन बसलीस? मैत्रिणींनो, ज्या मोर्च्यात आपलंच मनगट शिवी ठरतं, तो मोर्चा आपला कसा?

पुढच्या वेळी ताटात रिकामी घागर ठेवू, सोबत मूठभर वाळू आणि परवान्याची प्रत. ‘माफिया’ म्हणून थांबायचं नाही. सही कुणाची, ते मोठ्याने वाचून दाखवायचं.