फुलांची कडी

तुळशीचे लग्न आटोपले की आम्हां इंदूरकरांच्या घरांत पत्रिकांची ये-जा सुरू होते. पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला जाते आणि मग मांडव, वाजंत्री, जेवणावळी यांखेरीज दुसरा विषय उरत नाही. गेल्या मोसमात आमच्याच घरी कार्य निघाले. पुतणीने हट्ट धरला की, सजावटवाल्याची प्लास्टिकची फुले नकोत. मांडवात घरी बांधलेल्या फुलांच्या कड्या टांगावयाच्या. भरतकामाची लाकडी रिंग घ्यावयाची, तिच्या एका बाजूस फुलापानांची चंद्रकोर बांधावयाची आणि उरलेली कडी उघडी ठेवावयाची. परदेशांतील लग्नांत ही तऱ्हा बरीच दिसते.

आमच्या थोरल्या आत्याबाईंना हे रुचले नाही. "दारावर आंब्याची पाने आणि झेंडूचे तोरण असताना ही चाके कशाला?" असे त्या म्हणाल्या. आम्ही गप्प राहिलो. पहिली कडी हौसेने गुलाब आणि मोगऱ्याची बांधली. संध्याकाळपर्यंत तिने मान टाकली. पुतणीचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आपली ट्रंक उघडविली. आत जुन्या साड्यांच्या घडीत सहा रिंगा होत्या. दृष्टी अधू झाल्यापासून त्यांनी सुई हाती धरली नव्हती. "भरतकाम डोळ्यांबरोबर गेले, रिंगा तरी मांडवात जाऊ द्या," एवढेच बोलून त्या खाली बसल्या. गजऱ्यासाठी माळणी वापरतात तसे केळीचे सोपट त्यांनी भिजवून घेतले आणि नुसत्या स्पर्शाने अशा गाठी मारल्या की, आमचे डोळस हात मागे पडले.

त्यांच्याकडून शिकलो ते वाचकभगिनींसाठी येथे देतो. दहा-बारा इंचांची रिंग घेऊन तीवर सुती फीत गुंडाळावी, म्हणजे बंध घसरत नाही. एक-दोन फुले व दोन-तीन पाने यांची बोटभर लांबीची जुडी करावी. पहिली जुडी बांधली की दुसरी अशी ठेवावी की, पहिलीचे देठ तिच्याखाली झाकले जातील. दोन्ही टोकांकडून बांधत मध्याकडे यावे व मध्यावर मोठे फूल बसवावे. फुलांची जड बाजू खाली यावी आणि वर दोन ठिकाणी दोरी बांधावी. एकाच दोरीवर कडी वाऱ्याने गरगर फिरते.

फुले निवडताना मात्र हौसेपेक्षा विवेक बरा. झेंडू, शेवंती आणि निशिगंधाच्या मिटल्या कळ्या पाण्याविना दिवसभर तग धरतात. देठ तिरके छाटून ती रात्रभर पाण्यात उभी ठेवावीत, पहाटे बांधावीत आणि मुहूर्तापर्यंत ओल्या मलमलीखाली झाकावीत. गुलाब हवाच असेल तर तो अगदी शेवटी खोवावा.

आणखी एक सांगावेसे वाटते. सजावटीत फुले खोचण्यासाठी हिरवा स्पंज वापरतात. तो प्लास्टिकचाच प्रकार. त्याचा चुरा होतो, पण तो कुजत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात स्वच्छतेचा पहिला मान मिळविणाऱ्या आणि खजरान्याच्या निर्माल्याचेही खत करणाऱ्या आपल्या शहरात लग्नघराने असा कचरा मागे ठेवावा काय? आमच्या कड्यांची फुले, पाने, सोपट सारे दुसऱ्या दिवशी ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले. रिंगा तेवढ्या पुसून ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी शेजारच्या मालवी भाभींनी विचारले, "ये किसने बनाया?" पुतणीने मुंडावळ्या सावरीत आत्याबाईंकडे बोट दाखविले. पाठवणीच्या वेळी आत्याबाईंनी त्यांतली एक रिंग तिच्या हाती दिली व सांगितले, "फुलांची हौस झाली. आता हिच्यावर एखादा टाका घालायला शीक."

उरलेल्या पाच आमच्या घरी आहेत. यंदा भाभींच्या मुलाचे लग्न आहे. त्यांनी आतापासूनच मागून ठेवल्या आहेत.