तोंडपाठ वाक्प्रचारांचे स्तोम

आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत उमेदवारास एखाद्या परिचित स्थळाचे वर्णन करावयास सांगतात. विचारास एक मिनिट, बोलावयास फार तर दोन. समजा, उमेदवार परभणी जिल्ह्यातील वालूरचा आहे. तेथील बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत तळाकडे उतरतात. एवढेच साध्या इंग्रजीत सांगितले तरी परीक्षक कान टवकारील! पण शिकवणीवाल्यांनी त्याच्याकडून शंभर वाक्प्रचार घोकून घेतलेले. मग पावसाने बारव भरते हे सांगताना तो आभाळातून कुत्री-मांजरे पाडणार. (खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातही ही जनावरे आता क्वचितच पडतात.)

शिकवणीवाले निकषांकडे बोट दाखवितात. सात बँडांसाठी काही वाक्प्रचार यावेत, हे खरे. परंतु त्याच वाक्यात शैलीचे व शब्दसंगतीचे भानही मागितले आहे. ते यादीत कसे छापणार?

परकी भाषा मराठवाड्यास नवी नाही. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल. दरबारी भाषा आधी फारशी, मग उर्दू. शिवाय मराठीने त्याच्या कितीतरी आधीपासून फारशी शब्द पचविले. 'शिकस्त' म्हणजे मूळचा पराभव. आम्ही मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो! हे कोणा शिकवणीत घडले नाही. बाजारात, कचेरीत, भांडणातंट्यात घडले. इंग्रजी वाक्प्रचारही ऐकून, वाचून, चुकत बोलूनच अंगवळणी पडेल. तोवर त्या मुलास आपली बारव सरळ शब्दांत सांगू द्या. भीती विकून त्याच्या बापाचे पैसे उकळू नका.