कौल स्पष्टच होता

४ जून २०२४ ला भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला आणि संध्याकाळपासूनच वाहिन्यांवरच्या विश्लेषकांनी मतदाराची हजेरी घ्यायला सुरुवात केली. मतदार गोंधळला, कौल अस्पष्ट आला, आता पाच वर्षे मित्रपक्षांची मनधरणी करण्यात जाणार. १९८९ पासून प्रत्येक त्रिशंकू लोकसभेनंतर मी हीच रड ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी तिचा संताप येतो. चौसष्ट कोटींच्या आसपास माणसे ऐन उन्हाळ्यात रांगा लावून मत देतात आणि एकट्याच्या हाती सगळे सोपवायला नकार देतात. यात न समजण्यासारखे काय आहे? कौल स्पष्ट होता. तो नेत्यांना सोयीचा नव्हता, एवढेच.

उलट ज्याला आपण ‘स्पष्ट कौल’ म्हणून डोक्यावर घेतो, तो बहुतेक वेळा आपल्या निवडणूक पद्धतीने फुगवलेला आकडा असतो. २०१४ मध्ये ३१ टक्के मतांवर भाजपला २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला २ कोटी २९ लाख मते पडली आणि जागा मिळाली शून्य. १९८४ मध्ये काँग्रेसने निम्म्याहून थोड्या कमी मतांवर चारशेचा टप्पा ओलांडला. २०१९ आणि २०२४ ची तुलना केली तर भाजपच्या मतांत एक टक्काही घट नाही, जागा मात्र ६३ नी कमी. वायव्य मुंबईत २०२४ चा निकाल ४८ मतांनी लागला आणि हरलेल्याच्या बाजूची साडेचार लाखांवर मते लोकसभेच्या हिशेबात कुठेच उरली नाहीत. अशा पद्धतीतून एका पक्षाचे बहुमत निघाले की ते जनतेचे मन, आणि निघाले नाही की जनतेचा गोंधळ, हा हिशेब लबाडीचा आहे.

मग स्थिरतेचा मुद्दा पुढे केला जातो. १९७१ मध्ये इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या, त्याहून स्थिर सरकार कोणते? त्याच लोकसभेच्या काळात आणीबाणी आली, विरोधक तुरुंगात गेले आणि ४२ वी घटनादुरुस्ती झाली. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतल्या १४६ विरोधी खासदारांना निलंबित करून देशाचे फौजदारी कायदे बदलले गेले. बहुमत भक्कम होते म्हणूनच हे जमले. याउलट १९९१ चे आर्थिक निर्णय आणि पंचायत राज्याची घटनादुरुस्ती अल्पमतातल्या नरसिंह राव सरकारची, पोखरणचे दुसरे अणुस्फोट वाजपेयींच्या आघाडीचे, माहितीचा अधिकार आणि रोजगार हमी मनमोहन सिंगांच्या आघाडीची. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रातल्या वरिष्ठ पदांवर थेट भरतीची जाहिरात निघाली. तिच्यात आरक्षण नव्हते. विरोधकांनी तर आवाज उठवलाच, पण सरकारात बसलेल्या चिराग पासवान यांनीही उघड आक्षेप घेतला आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घ्यावी लागली. २०१९ च्या ३०३ जागांच्या काळात असे ऐकून घेतले गेले असते, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून आघाडी सरकारला ‘खिचडी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण त्याहून मोठे भांडण आहे ते आघाडी चालवणाऱ्यांशी, कारण मतदाराने दिलेला हा शहाणा कौल दर वेळी मातीमोल करण्याचे काम त्यांनीच केले आहे.

त्यांचे सर्वांत निर्लज्ज हत्यार म्हणजे बाहेरून पाठिंबा. सत्तेची दोरी हातात ठेवायची, उत्तरदायित्व मात्र शून्य. १९७९ मध्ये इंदिरा गांधींनी चरणसिंगांना पंतप्रधान होऊ दिले आणि त्यांनी लोकसभेला तोंड दाखवण्याआधीच पाठिंबा काढला. १९९० मध्ये चंद्रशेखर साठ-पासष्ट खासदारांच्या गटावर पंतप्रधान झाले, कारण बाहेर काँग्रेस उभी होती. काही महिन्यांतच राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस शिपाई पाळत ठेवताना सापडल्याचे निमित्त झाले आणि देश पुन्हा मतपेटीपाशी आला. १९९६ ची लोकसभा तर याचा कळसच. भाजप १६१, काँग्रेस १४०. वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांत गेले. मग देवेगौडा आले, काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर. मार्च १९९७ मध्ये काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरी यांनी तो पाठिंबा काढला. कोणत्या धोरणावरून? मतदाराला पटेल असे एकही कारण त्यांनी दिले नाही. त्याच आघाडीचे गुजराल पंतप्रधान झाले, त्याच काँग्रेसने त्यांना पाठिंबा दिला आणि वर्ष संपायच्या आत तोही काढला. पंतप्रधान बदलले, सरकारे पडली, मुदतीआधी निवडणूक लादली गेली, आणि ज्याच्या मतावर हा सगळा खेळ चालला होता त्या माणसाला एकदाही कोणी विचारले नाही.

पुढचा टप्पा खरेदी-विक्रीचा. जुलै १९९३ मध्ये राव सरकार वाचले ते झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे देऊन. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन मत देणाऱ्या खासदारांना विशेषाधिकाराचे संरक्षण दिले, आणि तो चुकीचा निकाल रद्द व्हायला मार्च २०२४ उजाडावा लागला. सव्वीस वर्षे या देशात लाच घेऊन सभागृहात मत देणारा लोकप्रतिनिधी सुरक्षित होता! जुलै २००८ मध्ये अणुकराराच्या विश्वासदर्शक ठरावावेळी लोकसभेत नोटांची बंडले फडकली. ती कोणी कोणाला दिली यावर वाद झाले, पण ज्यांनी ते सभागृह निवडून दिले त्यांची मान खाली गेली ती गेलीच.

आता २०२४ कडे पुन्हा या. ही आघाडी निवडणुकीआधीची होती, हे मान्य. पण मतदारापुढे ती कोणता कागद घेऊन गेली? भाजपचे प्रचारक देशभर धर्मावर आधारित आरक्षणाविरुद्ध गर्जत होते, आणि त्याच वेळी आंध्रात त्यांचे मित्र चंद्राबाबू नायडू मुस्लिमांचे चार टक्के आरक्षण राखण्याचे वचन देत होते. आंध्रातल्या मतदाराने नेमके कशाला मत दिले? दोन्ही पक्ष आज एका मंत्रिमंडळात आहेत आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज कोणालाही वाटत नाही. २००४ मध्ये निदान किमान समान कार्यक्रम छापून लोकांपुढे ठेवला होता. सरकार कुठे चुकते आहे हे त्यावर बोट ठेवून सांगता येत होते. २०२४ मध्ये तसा कागद आला नाही. जुलैच्या अर्थसंकल्पात अमरावतीसाठी १५ हजार कोटी आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी दिसले, तेव्हा कराराचा मजकूर काय असावा याचा अंदाज लोकांनी आपापला केला. आंध्र आणि बिहारला पैसा मिळू नये असे मी म्हणत नाही. तो कोणत्या अटीवर मिळाला हे मला नागरिक म्हणून कळलेच पाहिजे.

महाराष्ट्राने यात सर्वांना मागे टाकले. २०१९ च्या विधानसभेत भाजप-शिवसेना युतीला १६१ जागा दिल्या, आणि पाच वर्षांत त्याच मतांच्या जोरावर भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस हे चारही पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. पक्ष फुटले, विधानसभा अध्यक्षांपुढे अपात्रतेच्या याचिका आल्या, सगळ्या फेटाळल्या गेल्या.

जर्मनीत सप्टेंबर २०१७ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला मार्च २०१८ उजाडला. या काळात पावणेदोनशे पानांच्या आसपास करार लिहिला गेला, जाहीर झाला, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने तो आपल्या साडेचार लाखांवर सभासदांपुढे मतदानाला टाकला. तिथे चान्सेलरला पाडायचे तर त्याच ठरावात नव्याची निवड करावी लागते. नुसते पाडून पळून जाता येत नाही. आपल्याकडे व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये अशीच शिफारस केली. त्याआधी १९९० मध्ये गोस्वामी समितीने सांगितले होते की सभागृहातल्या मतासाठी खासदारकी जायचीच तर ती विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरतीच जावी. दोन्ही शिफारशी धूळ खात आहेत. आज पक्षादेश मोडला तर साध्या विधेयकावरच्या मतासाठीही खासदारकी जाऊ शकते. मग तो मतदारसंघाचा प्रतिनिधी कसला? तो पक्षाच्या गटनेत्याचा वाढवलेला हात आहे.

शपथविधीआधी आघाडीचा लेखी करार जाहीर झालाच पाहिजे, आणि सरकार टिकवणाऱ्या प्रत्येक पक्षाची त्यावर सही हवी, मंत्रिमंडळात असो वा बाहेर. त्याशिवाय राष्ट्रपतींनी कोणालाही बोलावू नये. अविश्वास ठराव आणणाऱ्याने पुढच्या पंतप्रधानाचे नाव सांगितलेच पाहिजे. पुढच्या वेळी उमेदवार तुमच्या दारात आला की त्याला हेच विचारा: तुमच्या मित्रपक्षांशी तुमचे काय ठरले आहे, कशावर मतभेद आहेत, आणि ते कुठे लिहिले आहे? कागद दाखवता येत नसेल तर त्याला मत देऊ नका, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.